एकोणसाठावं पान

॥ श्री ॥

पुणे, पर्वती पायथा
१२ जानेवारी २००४

चि. मुक्तास,

आशीर्वाद. तू घे किंवा घेऊ नको, पत्राच्या डोक्यावर ते लिहायचेच असतात.

तुझ्या बाबांना मागच्या मंगळवारी अर्धांगाचा झटका आला. दुधाची पिशवी आणायला खाली गेले होते, जिन्यातच पडले. चेअरमन हिंमतराव घरी होते म्हणून बरं. त्यांनी आणि त्यांच्या ड्रायव्हरनं उचलून रिक्षात घातलं. पाच दिवस दवाखान्यात काढले, काल घरी आणलं. उजवा हात आणि पाय गेला. तोंड थोडं वाकडं झालं आहे. जीव राहिला ही दत्तगुरूंची कृपा.

जिन्यात त्यांना तसं बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हुमायून. ते वर्गात सांगायचे ना, हुमायून हा पुस्तकांनी मारलेला एकुलता एक बादशहा, ग्रंथालयाच्या जिन्यावरून घसरला, मास्तराला याहून चांगलं मरण मागता येणार नाही. जिन्यापर्यंत सगळं जमलं होतं. हातात पुस्तक मात्र नव्हतं.

फोन केला नाही, कारण फोन त्यांच्या उशाशी आहे आणि त्यांना ऐकू सगळं येतं. कळतंही सगळं, असं डॉक्टर म्हणतात. फक्त बोलता येत नाही. एकच शब्द शाबूत राहिलाय, तोही लख्ख. "पुढे." पाणी हवं असलं तरी पुढे, कूस बदलायची असली तरी पुढे. तीस वर्षांची आमची पद्धत तू बघितली आहेस. ते जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर बखरीचं कच्चं लिहायचे, पानाच्या डोक्यावर आकडा घालायचे आणि दुपारी ओटा आवरून झाला की मी ते फुलस्केपवर पक्कं करायची. कुठे शब्द लागला नाही म्हणून मी थांबले, की ते सांगायचे आणि म्हणायचे, "पुढे." एवढा एक शब्द कुठल्या कोपऱ्यात दडून वाचला असेल, देव जाणे. त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला येतात आणि हसत म्हणतात, सर अजून शिकवताहेत. जिन्यात जाऊन डोळे पुसतात.

कवळी काढून ठेवावी लागली. तुघलकाचा एक दात दुखून पडला तर त्यानं आमच्या बीडजवळ त्याच्यावर घुमट बांधला, हे ते किती रंगवून सांगायचे. माणसाला साडेतीन हात मिळायची पंचाईत आणि दाताला घुमट. यांचे बत्तीसच्या बत्तीस आता स्टीलच्या वाटीत आहेत, पाण्यात. रोज सकाळी पाणी बदलते.

यायचं असलं तर शनिवारी ये. तुमच्या हिंजवडीत शनिवारी सुट्टी असते असं ऐकते. एकटी आलीस तर बरं. घरात सध्या जागा नाही.

तुझी आई

॥ श्री ॥

२ फेब्रुवारी २००४

चि. मुक्तास,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी होत्या, चौदा वेळा वाचल्या.

बाबांनी बोलावलं तर येईन, आईनं बोलावलं म्हणून नाही, असं लिहितेस. ज्या माणसाला पाणी मागता येत नाही, त्यानं तुला कसं बोलवावं? ते राहू दे. तुझ्या शेवटच्या ओळी मला लागल्या. "दिवाळीत बाबांनी बखर पाठवली तेव्हा मी ती तीनदा वाचली, आई. सगळे सुलतान होते, सगळे विनोद होते. माझ्यासाठी एक ओळ नव्हती."

अगं, बखर पाठवली हेच बोलावणं नव्हतं का? डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन संक्रांतीनंतर करू म्हणून लांबवलेलं, तरी झेरॉक्स स्वतः काढून आणली आणि पोस्टात स्वतः जाऊन टाकली. पुरुषमाणसाचं सगळंच कागदावर येत नाही. तू एवढी शिकलेली, तुला हे मी सांगायचं?

ते श्रावणातलं वाक्य तू अजून जपून ठेवलं आहेस. मीही ठेवलं आहे. शहेजादशी लग्न करणार असं तू सांगितलंस आणि ते चष्मा पुसत पुसत म्हणाले, "इतिहास हसायला असतो मुक्ता, घरात आणायला नसतो." ज्या माणसानं उभा जन्म कुठल्याच राजाला सोडलं नाही, यादव असो की खिलजी, मुकुट चढला की खालची अक्कल सारखीच चेपते असं पोरांना शिकवलं, तो माणूस हे बोलला. मला वाटतं, बोलून त्यांनाच धक्का बसला. पण सुलतानानं हुकूम सोडला की तो लगेच मागे घ्यायचा नसतो. तू पिशवी भरलीस. मी काही बोलले नाही असं तू म्हणतेस, ते खरं आहे. गॅसवर दूध होतं.

त्यानंतर घरात बल्बन सुलतानाचा दरबार भरला. तो म्हणे दरबारात स्वतः हसायचा नाही आणि दुसऱ्याला हसू द्यायचा नाही. आधी हे ते तुझ्या आजीबद्दल म्हणायचे. आता आम्ही दोघंच होतो आणि दोघंही बल्बन.

वर्षभरानं त्यांनी परत लिहायला घेतलं. पहिला आमच्या सोसायटीचा नंबर लागला. बहामनी राज्याचे पाच तुकडे ते आपल्या कमिटीवरून समजावतात. हिंमतराव आदिलशाही, त्यांच्याकडे पार्किंग. पाण्याच्या टाकीची किल्ली निजामशाहीकडे. कुतुबशाहीकडे गणपतीची वर्गणी, इमादशाहीकडे गच्ची. दुसऱ्या मजल्यावरचे आप्पासाहेब म्हणजे बरीदशाही, त्यांच्याकडे काहीच नाही तरी सही त्यांची लागते. हे पक्कं करताना मला हसू आलं आणि दीड वर्षात पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून हसले.

देवगिरीच्या वेढ्याची गोष्टही त्यांनी या बखरीत घेतली. माझ्या नावावरची. पाहुण्यांना नेहमी सांगायचे, तुला पाठ असेल. खिलजी दाराशी आला, किल्ल्यात घाईघाईनं धान्याची पोती चढवली, वेढा पक्का बसल्यावर पोती सोडली तर आत मीठ. "देवगिरीचे यादव स्वतःला द्वारकेचे धनी म्हणवायचे, पण खरी द्वारका माझ्याकडे आहे. तिच्या हाती कोठार असतं तर तिनं प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघितलं असतं आणि महाराष्ट्राचा इतिहास बदलला असता." मार्केट यार्डात गहू घेताना मी खरंच तसं करते, म्हणून सगळे हसायचे. मीही हसायची.

तब्येत आहे तशीच आहे. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. उशीर करू नकोस, एवढंच.

तुझी आई

॥ श्री ॥

२० फेब्रुवारी २००४

चि. मुक्तास,

आशीर्वाद.

परवा महाशिवरात्रीला तुझे सासरे येऊन गेले. सिराजभाई आमच्या घरी पंचवीस वर्षं येत होते ते व्याही म्हणून नव्हे, बखरीचं बाइंडिंग करायला. तुझं लग्न झाल्यापासून आले नव्हते. दारातच म्हणाले, "वहिनी, व्याही म्हणून आलेलो नाही. सरांचे कागद दोन वर्षं सुटे पडले असतील, ते न्यायला आलोय. बाइंडर म्हणून."

बाबांच्या कॉटशी खुर्ची घेऊन बसले. यांचा डावा हात दोन्ही हातात धरला. इकडचं तिकडचं सांगत होते, हडपसरला नवीन प्रेस निघालीय, आता पोरं सीडीवरच पुस्तक देतात, शिवायला काही उरतच नाही. तुझे बाबा म्हणाले, पुढे. ते पुढे सांगत राहिले.

मी चहा केला. कप वेगळा होता. तू घरातली आहेस, तुला माहीत आहे तो कुठला. त्यांनाही पंचवीस वर्षं माहीत असणार. प्यायले, उठले, मोरीत जाऊन स्वतः विसळला आणि पालथा घालून ठेवला. उपास होता म्हणून मी काही घेतलं नाही.

मग ट्रंकेतून या बखरीचा कच्चा गठ्ठा काढून दिला, ते नेहमी सरांच्या हातचाच शिवतात. बाइंडरची सवय तुला घरीच बघायला मिळते. आधी पानं मोजायची, मग सुई. अंगठ्यानं पानं पंख्यासारखी सोडत गेले आणि मध्येच थांबले. पुन्हा मोजली. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"अठ्ठावन्ननंतर साठ आहे, वहिनी."

मी म्हटलं, पडलं असेल कुठेतरी, आजारपणात घरात माणसांची ये-जा झाली.

"सरांच्या इतक्या वर्षांच्या कागदात मला एक पान कमी आलेलं नाही. चहाचा डाग आलाय, झुरळानं खाल्लेलं आलंय. कमी नाही आलं." आणि गठ्ठा परत ट्रंकेवर ठेवून म्हणाले, "अपुरं मी शिवत नाही. सापडलं की निरोप द्या, सायकलवर येतो."

कॉटवरून तुझे बाबा बघत होते. माझ्याकडे बघत होते, त्यांच्याकडे नव्हे. म्हणाले, "पुढे."

तुझे सासरे तुला हे सांगतीलच, म्हणून माझ्याकडूनही कळावं. शोधते आहे. देवघराचा कप्पा बघितला, रद्दी बघितली. पान कुठे गेलं कोण जाणे.

कालपासून ते जेवण परत फिरवतात. मी भरवते, तोंड मिटून घेतात. कुणाच्या हातचं हवं ते त्यांना सांगता येत नाही, पण मला समजतं. बोलावल्याशिवाय येणार नाही हा हट्ट तू नक्की कुणाचा घेतलास हे मला वेगळं सांगायला नको.

ये गं.

तुझी आई

॥ श्री ॥

२२ मार्च २००४

चि. मुक्ता,

आज वर आशीर्वाद लिहिले नाहीत. पत्र वाचून झाल्यावर तुला हवे असले तर मागून घे.

काल पाडवा. गुढीची काठी धरायला हिंमतराव आले. नैवेद्याचं ताट यांच्यापुढे नेलं, त्यांनी मान फिरवली. मी देवासमोर बसले आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी तरी खरं बोलावं असं वाटलं. देवाशी बोलणं सोपं, तो उत्तर देत नाही. म्हणून तुला लिहिते.

या पाकिटात एक पाठकोरा कागद आहे. एका बाजूला नववीच्या सहामाहीचा पेपर, दुसऱ्या बाजूला तुझ्या बाबांचं अक्षर. मोतीबिंदूमुळे मोठं आणि ओळी तिरप्या. डोक्यावर आकडा आहे, ५९. तो हरवला नव्हता. माझ्या हिशेबाच्या वहीला खाकी कव्हर आहे, त्याच्या आत होता, नवरात्रापासून. रोज त्या वहीवर हात ठेवून मी भाजीचा आकडा लिहायची. टाकून का दिला नाहीस विचारशील. लिहिलेला कागद माझ्याच्यानं टाकवत नाही.

कागद वाटेत गहाळ झाला तर, म्हणून मजकूर इथेही उतरवते. तुघलकाच्या प्रकरणाचा शेवट आहे.

"येणेप्रमाणे सुलतान दिल्ली ओस पाडून दौलताबादेस आला. काही वर्षांनी त्यास कळून चुकले, की शहाणपणाचा म्हणून जो हुकूम सोडिला तो निव्वळ गर्वाचा होता. राजधानी हलविली म्हणून लोक त्यास वेडा म्हणतात. आम्ही म्हणतो, हलविणारे पुष्कळ जाहाले. चुकलो म्हणून माघारी नेणारा हाच एक. तेवढ्यासाठी त्यास शंभर वेडेपणे माफ. बखरकाराच्या घरीही एक दिल्ली होती. ती त्याने एका वाक्याने ओस पाडिली. हुकूम मागे घेण्याची अक्कल त्यास उशिरा आली, परंतु आली. तरी ज्यांस माघारी यावयाचे त्यांनी यावे. दोघांनी यावे. वाटखर्च सरकारातून मिळेल. कडी काढून ठेविली आहे."

एवढंच. तुला सरळ पत्र लिहिणं त्यांना जमलं नसतं, तू त्यांना ओळखतेस. त्यांनी सुलतानाच्या पालखीत बसवून माफी पाठवली. मी ती पालखीतून उतरवली.

पक्कं करताना हा परिच्छेद मी गाळला. त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून झेरॉक्सला नेण्याआधी पूर्ण बखर मी त्यांना वाचून दाखवली. हा भागसुद्धा दाखवला. फुलस्केपवर नव्हता, मी तोंडपाठ म्हटला. पाठांतर माझं चांगलं आहे, पोथीमुळे. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

का गाळला याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. घरात घट बसले होते. भाऊबीजेला महिपतीमामा येणार होता आणि त्याच्या सृष्टीचं लग्न जमत होतं, दारात तुम्ही दोघं उभे राहिलात तर काय सांगायचं? दिवाळी होऊ दे, मग वेगळ्या कागदावर लिहून पाठवू असंही ठरवलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत, पण ती वरच्या थरातली. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तर खाली वेगळंच लागतं.

तुला घालवायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला विचारलं नव्हतं. मी गॅसपाशी उभी होते. परत बोलवायचं ठरलं तेव्हाही विचारलं नाही. मला ते पान पक्कं करायला मिळालं, नेहमीसारखं. राजधानी इकडून तिकडे हलवताना प्रजेला कोण विचारतं? तुझ्याशिवाय दोन वर्षं मीही काढली होती. तुझ्या वाढदिवसाला खीर करून ती मी एकटीनं खाल्ली होती. त्या पानावर माझं नाव नव्हतं. "दोघांनी यावे" लिहिलं होतं, ते दोघं ज्या ओट्यापाशी येणार तो ओटा माझा, आणि त्यांच्यासाठी कप कुठला काढायचा हेही मलाच ठरवायचं होतं. मला राग आला, मुक्ता. मॅट्रिक झालेल्या बाईच्या हातात तेवढीच सत्ता होती, काय उतरवायचं आणि काय नाही. ती मी वापरली.

त्यांना वाटलं, आपण धान्य पाठवलं. पोत्यात मीठ भरलं ते मी. ज्या द्वारकेच्या हाती कोठार हवं होतं, तिनंच.

आणखी एक. पहिल्या पत्रात लिहिलं की ते दुधाची पिशवी आणायला खाली गेले होते. दूध सहाला येतं. ते अकराला पडले. खाली पत्रांची पेटी आहे. दिवाळीपासून सकाळ-दुपार उतरायचे आणि डोळ्यांना दिसत नाही म्हणून पेटीत हात घालून चाचपायचे. मी वरून जिन्याच्या कठड्याशी उभी राहून बघायची. रोज सांगायचं ठरवायची. जसजसे दिवस गेले तसतसं ते कठीण झालं, आणि मग तो मंगळवार आला.

काल संध्याकाळी दिवा लावल्यावर पान घेऊन त्यांच्यापाशी बसले. वाचून दाखवलं. मग सांगितलं, हे तिला गेलेलं नाही, तिनं उत्तर दिलं नाही असं नाही, तिला हे मिळालंच नाही, मी काढून ठेवलं. माझा हात त्यांच्या डाव्या हातावर होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात हळूच काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. तसंच भिंतीकडे बघत म्हणाले, "पुढे."

पुढे काय ते माझ्या हातात नाही. बाबांनी बोलावलं तर येईन, असं तू लिहिलं होतंस. त्यांनी बोलावलं आहे. सहा महिन्यांपूर्वीच बोलावलं आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण दोघं या.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. सिराजभाईंना निरोप दिला आहे.

तुझी आई

॥ श्री ॥

१० मे २००४

चि. मुक्ता,

तेराव्यानंतर जिन्यात तू मला एक प्रश्न विचारलास. तीन आठवडे तू आणि शहेजाद रोज येत होतात आणि तू माझ्याशी औषध, चादर, गरम पाणी याखेरीज बोलली नव्हतीस. म्हणून तू थांबलीस तेव्हा मला वाटलं आता रागावशील. तू रागावली नाहीस. प्रश्न विचारलास आणि उत्तराची वाट न बघता उतरून गेलीस, कारण खाली कंपनीची बस यायची होती. त्याचं उत्तर शेवटी लिहिते. आधी थोडं दुसरं लिहू दे.

शहेजादनं पहिल्याच दिवशी त्यांची दाढी केली, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. वाकड्या बाजूचा गाल त्यानं आतून जीभ लावल्यासारखा बोटानं ताणून धरला आणि एक ओरखडा उठू दिला नाही. मग त्यांच्यापुढे आरसा धरून म्हणाला, "काय सर, आता हसायचं की नाही ते बल्बनला विचारा." तुझ्या बाबांच्या चांगल्या बाजूचा ओठ वर गेला. तीन महिन्यांत मला ते जमलं नव्हतं.

तू रोज संध्याकाळी बखर वाचायचीस, सिराजभाईंनी पान जागेवर घालून शिवलेली. तुझ्या हातचा वरणभात ते चार घास जेवायचे. प्रकरण संपलं की "पुढे" म्हणायचे. शेवटच्या आठवड्यात बखर संपली तरी म्हणाले पुढे, आणि तू मनानं रचून सांगायला लागलीस, ऐबक घोड्यावरून पडल्यावर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कसा अडकला ते. मी कणीक मळत ऐकत होते. तो भाग कोणी लिहून घेतला नाही. मी घ्यायला हवा होता, पण तुझ्याकडे मागायचा धीर झाला नाही.

त्या कपाचं सांगते, तूही बघितलं असशील. फोडला नाही, चांगला कप आहे. मी त्यातून चहा घेते. बाकीचे सगळ्यांचे.

त्यांनी शेवटपर्यंत माझ्या हातचं औषध घेतलं, पाणी घेतलं. हात मात्र परत माझ्या हातात ठेवला नाही. ते बरोबरच होतं. अक्षय्य तृतीयेच्या आधी तीन दिवस गेले, तू उशाशी होतीस आणि मी पायाशी. ते तुझ्याकडे बघत गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं लिहायला बसले होते. पण या पत्रात खोटं नको.

आता तुझा प्रश्न. "तू त्यांना ते पानावर नसलेलं वाचून दाखवलंस ना आई, तेव्हा ते काय म्हणाले?"

दुपार होती. ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "येईल ना गं ती?"

मी म्हटलं, "येईल."

मग दिवाळी आली. चारही दिवस बेल वाजली की ते मला उठू द्यायचे नाहीत. थांब, मी बघतो, म्हणायचे. भिंतीला धरून स्वतः जायचे. समोर कोण आहे ते दिसायचं नाही, म्हणून आधी दार सताड उघडायचे, बाजूला सरून आत यायला जागा करायचे आणि मग विचारायचे, कोण?

एवढंच लिहायचं राहिलं होतं.

सोबत बखर पाठवते. दिवाळीत तुला मिळालेली रद्दीत घाल. ही नव्यानं पक्की केली आहे, पंधरा दिवस लागले, शब्द अडला तर सांगायला कोणी नव्हतं. सिराजभाई शिवायच्या आधी मोजायला बसले, तर मीच म्हटलं, राहू द्या, तिला मोजू द्या.

एकशे चार पानं आहेत. मोजून घे.

तुझी आई